पापण्यांच्या मुळाशी जिवंत किडे निघालेत, उशा जाळून टाकू काय?

वडगावची शिवणवाली (बेळगाव)

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, मुलाने खातं काढून दिलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४७. बावीस वर्षं झाली, घरीच ब्लाउज शिवते. डोळे हेच माझं भांडवल. शिमग्यानंतर कधीतरी पापण्यांच्या कडा खाजायला लागल्या. डोळ्याच्या आत नव्हे, बाहेरची कड, जिथून केस उगवतात तिथे. पहाटे सगळ्यात जास्त. उठले की पापण्या चिकटलेल्या, आत वाळू गेल्यासारखं वाटायचं. सुईत दोरा ओवताना दोन-दोन दोरे दिसायचे. वाटलं नंबर वाढला असेल, म्हणून खडेबाजारात जाऊन चष्मा बदलला. नंबर होता तेवढाच निघाला. मग औषधाच्या दुकानात सांगितलं, तर "अ‍ॅलर्जी आहे काकू" म्हणून थेंब दिले. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. अशा तीन बाटल्या संपल्या. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, "नव्या कापडाला खळ असते, ती डोळ्यात जाते. डोळं काय चोळायलीस सारखी, मशीन बंद कर आठ दिवस." गौरी-गणपती तोंडावर आले असताना मशीन बंद करून कसं चालेल, सांगा की ओ.

शेवटी गेल्या सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्या यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि म्हणाले, खाली बघा. मी खाली बघितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. मग चिमट्याने वरच्या पापणीचे दोन केस उपटले, काचेवर ठेवले, तेलाचा थेंब सोडला आणि समोरच्या पडद्यावर दाखवलं. मी बघितलं ते सांगते. केसाच्या मुळाला लांबट, पांढुरके, शेपूट निमुळती असलेले तीन जीव. एका टोकाला आखूड आखूड पाय. आणि ते पाय हलत होते.

नाव सांगितलं डेमोडेक्स. "सगळ्यांच्यात असतात, घाबरू नका," म्हणाले आणि एक कागद दिला. अर्धा कन्नड, अर्धा इंग्रजी. बाहेर वीस माणसं बसलेली. काय विचारायचं ते सुचेपर्यंत मी रस्त्यावर आले होते.

घरी येऊन चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं बंबाच्या कढत पाण्यात घातलं. उशा कापसाच्या आहेत, त्या उन्हात टाकायच्या म्हटलं तर श्रावणात ऊन कुठलं. नात तीन वर्षांची. माझ्याजवळच झोपायची, तिला तिच्या आईकडे पाठवली. रात्री "आज्जी, आज्जी" करून रडते, मी इकडे जागी. गिऱ्हाइकांच्या कापडाला हात लावताना वाटतं, आपल्याकडून त्यांच्याकडे जात तर नसतील? परवा एक बाई म्हणाली, "काकू, डोळे लाल का ओ?" खोटं सांगितलं, जागरण झालं म्हणून.

त्यात मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात सांगतात, या किड्यांना शी करायला जागाच नसते, जन्मभर घाण पोटात साठवतात आणि मेले की ती आपल्या तोंडावर फुटते. तेव्हापासून जेवण जात नाही.

मी दोन वेळा आंघोळ करणारी बाई. घर झाडून पुसून असतं. हे घाणीमुळे झालं काय? नातीला जवळ घेऊ की नको? आणि उशांचं काय करू? अजून एकतीस ब्लाउज शिवायचे आहेत. कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

चष्मेवाली, निपाणी

काकू, उशा जाळू नका. नातीला आज रात्रीच जवळ घ्या. बाकीचं पुढे सांगते.

मी डोळे तपासते, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पण हा प्राणी काय आहे ते सांगू शकते, कारण रोज बघते.

डॉक्टरांनी "सगळ्यांच्यात असतात" म्हटलं ते धीर द्यायला म्हटलेलं नव्हतं, खरंच तसं आहे. २०१४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. त्यात चेहऱ्यावरचं तेल खरवडून तपासलं, तर प्रत्यक्ष किडे दिसले थोड्याच माणसांत. पण त्याच तेलात किड्यांचा डीएनए शोधला, तेव्हा अठरा वर्षांवरच्या झाडून सगळ्यांत सापडला. तुमच्या सासूबाईंच्यात आहेत, डॉक्टरांच्यात आहेत, हे लिहिणारीच्याही आहेत. जन्मलेल्या बाळात नसतात. आईच्या, आजीच्या गालाला गाल लावून हळूहळू येतात आणि वयाबरोबर वाढतात. नातीला आज ना उद्या येणारच, आणि येऊन तिला काही त्रास होणार नाही.

ही कोळ्याच्या, गोचिडाच्या कुळातली जात, म्हणून पाय आठ. माणसावर दोन प्रकारचे असतात. लांबडा असतो तो साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा, केसाच्या मुळाच्या खळग्यात डोकं खाली करून बसतो. तुम्ही पडद्यावर बघितला तो हाच. दुसरा त्याच्या निम्म्याने, तो आणखी खोल, तेलाच्या ग्रंथीत राहतो. मेलेल्या पेशी आणि कातडीचं तेल हे यांचं जेवण. उजेड सोसत नाही, म्हणून दिवसभर खळग्यात. रात्री बाहेर येतात, जोडीदार शोधतात, एका केसावरून दुसऱ्या केसावर सरकतात. वेग तासाला जेमतेम सेंटीमीटरभर. आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. कापडावरून उडी मारून गिऱ्हाइकाच्या अंगावर जाणं यांच्या आवाक्यातलं काम नाही. शरीराबाहेर तेल नाही, ओल नाही, ते फार टिकत नाहीत.

तुम्हाला सकाळी खाज जास्त येते, ते हे रात्री बाहेर फिरतात म्हणूनच.

घाणीमुळे झालं काय? नाही. १८४२ साली जर्मनीत हे मुरमांच्या आत दिसले. पुढच्या वर्षी नाव मिळालं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण 'चरबीतला किडा' असा होतो. नावात चरबी आहे, घाण नाही. ते तेलावर जगतात, आणि तेल दोन वेळा आंघोळ करणाऱ्याच्या कातडीतही असतंच.

व्हिडिओचं म्हणाल तर ती समजूत वर्षानुवर्षं पुस्तकांतही होती. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी यांची सगळी जनुकं वाचली, अंगही नीट तपासलं. तेव्हा कळलं की जागा असते. फार बारीक असते, एवढंच. तेव्हा जेवून घ्या.

मग त्रास का होतो? कारण संख्या वाढली. दोन-चार असले तर कळतही नाही. वाढले की केसाच्या मुळाभोवती नळीसारखा कोंडा धरतो. खाली बघायला सांगितलं ते तो कोंडा बघायला, समोर बघितलं तर दिसत नाही. हा कोंडा दिसला की केस न उपटताही ओळखता येतं.

तुमच्या कागदावर बहुतेक हेच लिहिलं असेल. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं, निवलं की परत बुडवायचं. मग पापणीची कड, लक्षात घ्या, कड, डोळा नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या वाइपने किंवा सांगितलेल्या फेसाने मुळाशी आडवी पुसायची. दोन्ही वेळा. काजळ बंद, जुनी डबी फेकून द्या. अभ्रे आठवड्यातून एकदा-दोनदा नेहमीसारखे धुतले तरी चालतं. आणि हे सहा आठवडे तरी चालू ठेवायचं, कारण आज खळग्यात अंडी आहेत, ती उद्या मोठी होणार. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडणारे परत येतात. अमेरिकेत २०२३ साली खास याच किड्यांसाठी लोटिलानर नावाच्या थेंबांना मान्यता मिळाली.

एक विचारायचं राहिलं. चेहऱ्याला काही लावता काय? क्रीम, मलम, काहीही. डॉक्टरांनी विचारलं होतं?

---

निवृत्त मास्तर, खानापूर तालुका

ताई, उकळलंत ते उत्तम केलंत. माझा अनुभव असा की अर्धवट उपाय केला तर हे किडे जात नाहीत. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावायचं. खाज असो नसो.

मी वसतिगृह सांभाळत होतो. जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आषाढात धुतलेली चड्डी आठ दिवस वाळत नाही. पोरं एकमेकांचे टॉवेल वापरायची, थंडीने दोघं-दोघं एका कांबळ्यात झोपायची. एका वर्षी रात्री दिवे गेले की खसाखसा आवाज सुरू व्हायचा. सगळी खोली खाजवते आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला नाडीपाशी, जांघेत पुरळ. कन्नड स्वयंपाकीणबाई बघून म्हणाली, "कज्जी री, मास्तर!" आपल्या भाषेत खरूज.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. परमेथ्रिन पाच टक्क्यांचं मलम, मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, रात्री लावून सकाळी आंघोळ. आधी नखं कापून. आठवड्याने पुन्हा एकदा. पोरं लाजत होती, चड्डीखाली लावायला तयार नव्हती. तिथेच तर किडे दडतात. मी स्वतः आधी लावून घेतलं, मग पोरं लावायला लागली. कपडे वाळवायला ऊन नव्हतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून चार दिवस ठेवा, माणसाचं अंग मिळालं नाही की दोन-तीन दिवसांत मरतात.

एवढं करून पंधरा दिवसांनी परत! शोध घेतला तर एक पोरगा औषधाच्या रात्री गावच्या जत्रेला गेला होता. तो आला तो खरूज घेऊन. मग पुन्हा सगळ्यांना पहिल्यापासून.

आणखी एक. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. किडे मेलेले असतात, पण त्यांची अंडी-विष्ठा कातडीत असते, अंग तिच्यावर चिडलेलं असतं. आमच्या एका पोराच्या वडिलांनी ते न समजून रोज मलम फासलं आणि पोराची कातडी सोलवटली.

इतिहासाचा नाद म्हणून सांगतो. १६८७ साली बोनोमो नावाच्या इटालियन वैद्याने हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून पत्र लिहिलं. पण त्याला ही वाट दाखवली ती गरीब बायकांनी. त्या आपल्या पोरांच्या खरजेतून टाचणीच्या टोकाने काहीतरी उकरून काढायच्या, ते त्याने बघितलं होतं. ताई, तुमच्या हातात रोज सुई असते म्हणून आठवलं.

---

चष्मेवाली, निपाणी

मास्तर, तुमचं एक-एक वाक्य बरोबर आहे, पण किडा दुसरा. खरजेचा किडा कातडीत बोगदा खणतो, त्यात अंडी घालतो. तो सगळ्यांत नसतो, घरभर पसरतो, आणि तो असला की सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावलंच पाहिजे. काकूंचा किडा बोगदे खणत नाही, आधीच असलेल्या खळग्यात राहतो, आणि घरातल्या सगळ्यांकडे आहेच. त्याला घरातून हाकलायचा नसतो, कमी करायचा असतो. काकू, परमेथ्रिन पापणीला लावू नका हां. आणि घरच्यांना तर मुळीच लावायला नको.

ओळख सोपी आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, पोटावर खाज, रात्री वाढणारी, आणि घरात आणखी कुणाला तरी तशीच, तर मास्तरांचा उपाय, आणि डॉक्टरांकडे लगेच. नुसत्या पापण्यांच्या कडा आणि गाल-नाक, तर तो हा.

---

निवृत्त मास्तर, खानापूर तालुका

मान्य. किडा म्हटलं की मला ती खोली आठवते. ताई, माझा पहिला परिच्छेद वाचलाच नाही असं समजा, उकळण्यासकट.

---

हिंडलग्याचा राजू

काकू, मला हेच झालं होतं दोन वर्षांमागं. नेटवर वाचलं, टी ट्री तेलाने मरतात. मागवलं ऑनलाइन, बुधली छोटी, वास निलगिरीसारखा. कापसाच्या बोळ्यावर तसंच घेतलं, पाणी नाही काही नाही, आणि पापणीवर फिरवलं.

आई शप्पथ, लवंगी मिरची डोळ्यात पिळल्यासारखं झालं. नळाखाली तोंड धरून बसलो, बायको ओरडते आहे, शेजारचा गाडी काढतो आहे. डॉक्टर म्हणाले, "मरतात हे खरं, पण तेलाने डोळाही जातो. वापरायचं तर तयार वाइपमध्ये ठरलेल्या प्रमाणात असतं ते." तीन दिवस काळा गॉगल लावून फिरलो. गल्लीत सगळे विचारत होते, मार खाल्लास काय कुणाचा.

शेवटी फडकं आणि वाइपनंच बरं झालं. वेळ लागतो पण. मला दोन महिने लागले.

जाता जाता, आमच्या कुत्र्याला पण डेमोडेक्स झालाय म्हणाले जनावरांचे डॉक्टर, केस जाऊन चट्टे पडलेत. मला त्याच्याकडून आला काय?

---

चष्मेवाली, निपाणी

नाही राजूदादा. कुत्र्याची जात वेगळी, ती कुत्र्यावरच राहते. त्याच्यावर उगाच आळ घेऊ नका.

---

वडगावची शिवणवाली

सगळ्यांचे उपकार. काल नातीला जवळ घेतलं. माझा हात उशाला घेऊन झोपली.

निपाणीच्या ताईंनी विचारलं, चेहऱ्याला काही लावता काय. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही, आणि मीही बोलले नाही, खरं म्हणजे लाज वाटली.

गालावर वांग आहे. बाळंतपणानंतर आला तो गेलाच नाही. सहा वर्षांमागे नणंदेनं एक ट्यूब दिली, औषधाच्या दुकानात मिळते, चिठ्ठी लागत नाही. तिचे गाल आठ दिवसांत उजळले होते. माझेही उजळले. तेव्हापासून रोज रात्री लावते. गालावर लावायची ती वरपर्यंत, पापणीच्या कडेपर्यंत जाते. मध्ये एकदा संपली होती, दुकान बंद होतं, तर चौथ्या दिवशी तोंडाची आग-आग आणि लालबुंद. म्हटलं, बघ, न लावल्याने असं होतं. मग दोन-दोन आणून ठेवायला लागले.

उन्हात गेलं की तोंड भाजतं. बारीक बारीक पुरळ उठतो, त्यालाही तीच लावते.

काल रात्री सुईचं भिंग घेऊन ट्यूबच्या मागची अक्षरं वाचली. मुलाने आवाज चढवून वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं काही वाईट आहे काय? नणंदेला कसं विचारू, ती म्हणेल माझ्या क्रीमला नावं ठेवतेस.

---

चष्मेवाली, निपाणी

काकू, बरं झालं सांगितलंत. गाठ तिथेच होती असं मला वाटतं.

यातलं शेवटचं नाव, मोमेटासोन, ते स्टिरॉइड आहे. त्यानेच आठ दिवसांत गाल उजळतात आणि लाली दबते. पण कातडीची स्वतःची राखण असते ना, ती स्टिरॉइड झोपवून ठेवतं. एरवी या किड्यांची संख्या आवरून धरणारी तीच. सहा वर्षं ती झोपलेली, म्हणजे किड्यांना रान मोकळं. गालावरचा तो बारीक पुरळ आणि पापणीचा कोंडा, मला तरी एकाच घरातले दोघे वाटतात. ट्यूब संपल्यावर तोंड लाल झालं ते ट्यूबची सवय लागल्यामुळे. न लावल्याने नाही, लावून-लावून झालं.

अशा ट्यूबा बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांच्याही येतात. २०१८ साली सरकारने यातल्या बऱ्याच मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. दुकानात मिळतात कशा, ते आपण सगळेच जाणतो.

आता दोन गोष्टी. एक, उद्यापासून एकदम फेकून देऊ नका. त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब हातात देऊन दाखवा, ते कसं सोडवायचं ते सांगतील, कारण सोडताना तोंड भडकतंच. दोन, डोळ्यांच्या डॉक्टरांना परत जाऊन हे सांगा आणि डोळ्यातला दाब मोजून घ्या. स्टिरॉइड इतकी वर्षं पापणीपाशी जात असेल तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्हींची शंका असते. शिवणाऱ्या माणसाने हे टाळू नये.

नणंदेला काय सांगायचं ते मात्र मला सुचत नाही. आमच्या घरीही एक ट्यूब आहे, माझ्या जावेची.

---

वडगावची शिवणवाली

सात आठवडे झाले. दिवाळी तोंडावर आली, आणि इथे सांगायचं राहून गेलं होतं.

डोळ्यातला दाब ठीक निघाला. तेवढं ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई ट्यूब बघून काही बोलल्या नाहीत, फक्त टेबलाचा खण उघडून दाखवला. तशाच चौदा-पंधरा रिकाम्या ट्यूबा, बायकांनी आणून दिलेल्या. मला एक साधं ओलावा देणारं मलम, उन्हाचं एक, आणि किडे मारायचं एक टक्क्याचं आयव्हरमेक्टिनचं क्रीम दिलं, तेही रात्री वाटाण्याएवढंच, डोळ्यांपासून लांब. म्हणाल्या, आधी वाईट होईल.

झालं. तिसऱ्या आठवड्यात तोंड असं लाल की गौरीच्या हळदी-कुंकवाला पदर ओढून गेले. ठेच्यातला मिरचीचा हात गालाला लागला की जसं होतं, तसं रात्रंदिवस. दोनदा जुनी ट्यूब हातात घेतली. नातीने विचारलं, "आज्जी, तुला उन्हात बसवली होती काय?" सहाव्या आठवड्यात उतार पडला. आता लाल आहे, पण माणसात बसता येतं. वांग होता तसाच आहे, किंबहुना जास्तच दिसतो आता. बाई म्हणाल्या, त्याचं नंतर बघू.

पापण्यांचं फडकं रोज दोनदा. अस्तराच्या उरलेल्या मलमलीचे सोळा चौकोन कापले, कडेला पिको केला, म्हणजे दोरे सुटत नाहीत. एक वापरायचा, बाकी धुऊन उकळून वाळत. मास्तर, उकळणं सोडलं नाही हो, सवय आहे. कागदावरचं कन्नड शेजारच्या मुलीकडून समजून घेऊन मराठीत लिहिलं, कपाटाच्या दारावर लावलंय. गल्लीतल्या तिघी मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेल्या. त्यातल्या दोघींनी हळूच विचारलं, "ती ट्यूब कुठली ओ काकू, दाखवा की." दोघींकडे तीच निघाली.

नणंदेला फोन केला. पहिले दहा मिनिटं भांडलो. मग तिनेच विचारलं, तुझ्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात. अजून गेली नाही.

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परत गेले. खाली बघा म्हणाले, बघितलं. कोंडा गेलाय म्हणाले. मी म्हटलं, एक केस काढून दाखवा की. त्यांनी हसून काढला. तीनाच्या जागी एक होता, पडद्यावर पाय हलवत. या वेळी विचारायचं सगळं चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, बाहेर वीस माणसं असली तरी विचारलं. अजून महिनाभर पुसायचं, मग रोज एकदा, कायमचं.

सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. गौरीचे एकतीस वेळेत गेले, दिवाळीचे चाळीस आलेत. त्यात सात कटोरी, आणि हुक लावायला येणारी पोरगी सुट्टीवर आहे. थांबते आता.